बॅटरीवरचं कुंकू

पहाटे पावणेसहाला वादळ आलं. नालवाडीतले चार-दोन पत्रे उडवले, मारुतीच्या देवळापुढचं कडुनिंबाचं झाड रस्त्यावर आडवं केलं आणि जाताना लाइट घेऊन गेलं. अशा वेळी घरोघरच्या बायका मेणबत्ती शोधतात, पाणी भरलंय का ते बघतात. भागीरथा आधी कान देऊन ऐकायची. जिन्याखालच्या कपाटात इन्व्हर्टरनं टक् केलं, खाटेशेजारची हवेची मशीन क्षणभर थबकून पुन्हा घुरघुरायला लागली, तेव्हा कुठे तिनं श्वास सोडला आणि घड्याळाकडे पाहिलं. पावणेसहा. म्हणजे पावणेदहापर्यंत.

खाटेवर रूपराव होते, तिचे यजमान. दोन वर्षांपूर्वीच्या आजारपणात त्यांची फुप्फुसं निम्मी निकामी झाली. तेव्हापासून नाकात नळी आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला ही मशीन. खोलीतल्या हवेतला प्राणवायू गाळून ती देते, आणि तेवढ्यावर ते उठून बसतात, दोन घास खातात, चहात साखर कमी पडली की सुनेला तसं सांगतातही. मशीन विजेवर चालते, वीज गेली की इन्व्हर्टरवर. पंखे, फ्रिज, टीव्ही सगळं बंद ठेवलं तर इन्व्हर्टरची बॅटरी चार तास निभावते, हे भागीरथाला पाठ झालं होतं. पूर्वी तिला एकादश्या पाठ असायच्या.

आणि बॅटरी संपली तर कोपऱ्यातला ऑक्सिजनचा सिलिंडर. पण कोपरा रिकामा होता. सिलिंडर मागच्या आठवड्यात संपला, वर्ध्याला दुकानात भरायला टाकला, आणि गोपाल चार दिवस ‘आज आणतो’ म्हणत होता. गोपाल तिचा मुलगा. वय अडतीस, आठ एकराचा धनी आणि अख्ख्या गल्लीचा फुकटचा मिस्त्री. कोणाची मोटर जळो, कोणाचा मिक्सर अडो, हाक गोपालला जायची. त्याला दुरुस्ती येत नव्हती असं नाही. येते तेवढीच येते, हे मात्र त्याला कोणी कधी सांगितलं नव्हतं.

साडेनऊलाच इन्व्हर्टर ओरडला. टीं. भागीरथाच्या हिशेबाच्या पंधरा मिनिटं आधी. तिनं हातातला भाजीचा देठ तसाच परातीत टाकला. अर्ध्या मिनिटानं पुन्हा टीं.

सून मोहिनी सकाळपासून फोनला चिकटली होती. लाइट संध्याकाळशिवाय येत नाही, एवढं तिला कळलं होतं. ॲम्ब्युलन्स निघाली होती, पण झाडामुळे फेरा मारून येणार होती. अर्धा-पाऊण तास धरा म्हणाले. रूपरावांना उचलून न्यावं, तर मशीनशिवाय नेणार कसं? शेवटी शेजारचा कवडू धावून आला. त्यानं आपल्या ट्रॅक्टरची बॅटरी पान्यानं सोडवली, पायरीवर आणून ठेवली, वर दोन्ही टोकांना चिमटे असलेल्या जंपर वायरची जोडी टाकली, आणि “काकू, भेव नका, मी सिलिंडर घेऊन येतोच,” म्हणत मोटरसायकलला किक मारली. पडलेल्या झाडाच्या फांद्यांखालून तेवढी मोटरसायकल निघत होती.

टीं. आता अंतर कमी झालं होतं.

गोपालनं बॅटरी छातीशी धरून आत आणली. जिन्याखालचं कपाट त्यानंच केलेलं. इन्व्हर्टरचं धूड पाहुण्यांना दिसू नये म्हणून त्याला प्लायचं दार लावलं होतं, आणि काम इतकं चोख की फटसुद्धा ठेवली नव्हती. महिनाभरापासून ते दार उघडलं की आतून सडक्या अंड्यासारखा वास यायचा. भागीरथानं हे दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगितलं नाही. मशीनच्या गोष्टीत तिनं तोंड उघडलं की एकच वाक्य ऐकू यायचं: मधात बोलू नको. पूर्वी नवरा म्हणायचा, आता मुलगा म्हणत होता. शेतीबरोबर तेही वारशानं आलं होतं.

“अहो, थांबा, स्वप्निल लागला,” मोहिनी ओरडली आणि तिनं फोन स्पीकरवर टाकला. स्वप्निल म्हणजे इन्व्हर्टर बसवून देणारा सिंदी मेघेचा मिस्त्री.

“गोपालभाऊ, दोन बॅटऱ्या एकमेकीले जोडू नका,” त्याचा आवाज तुटत तुटत येत होता. “ऐका माह्यं. तुमची चार वर्षं जुनी, खाली झालेली. ट्रॅक्टरची लहान, वेगळी, अन् भरलेली. भरलेली खालीत धो-धो ओतते, वायर तापते, बॅटरी फुटते. अन् उलटं लागलं तं मंग इचारूच नका. इन्व्हर्टर बंद करा, जुनी काढून बाजूले ठेवा, ट्रॅक्टरची एकटी लावा. दोन मिनटाचं काम हाय.”

“दोन मिनटं बाबाची मशीन बंद ठेवू?”

“दोनच मिनटं, भाऊ. अन् कपाट उघडं करून ठेवा पयले. त्या बॅटरीतून गॅस निंघते, एक ठिणगी पडली तं...”

फोन कटला.

“ऐकलं ना?” मोहिनी म्हणाली. “जुनी काढा अन् ही लावा.”

“दोन मिनटं म्हंजे काय, माहीत हाय का तुले?” गोपालचा आवाज चढला. “मी पाह्यलं हाय. तू नव्हती तवा. मी पाह्यलं हाय.”

त्यानं पाहिलं होतं, हे खरं. दिवाळीच्या आधी सफाई करताना त्यानं खाट सरकवली आणि मशीनचा प्लग निघाला. रूपराव झोपेत होते. कोणाच्या लक्षात येईपर्यंत दीड मिनिट गेलं. त्यांचे ओठ जांभळे पडले, डोळे फिरले, आणि बाप मुलाच्या हातात लुळा पडला. पुढे शुद्ध आली, डॉक्टरांनी तपासलं, सगळं ठीक झालं. गोपाल मात्र गोठ्यात जाऊन बैलाच्या पाठीवर डोकं टेकून रडला होता, आणि ते फक्त भागीरथानं पाहिलं होतं. म्हणून आत्ताही तिला त्याचा राग येईना. तो हट्टाला पेटला असता तर तिनं दोन शब्द सुनावले असते. पण त्याला भीती वाटत होती, आणि घाबरलेल्या माणसाला काय सुनवायचं?

खोलीतून आवाज आला. ठक ठक. रूपराव खाटेची लाकडी पट्टी बोटाच्या पेरानं वाजवत होते. दम लागायला लागला की ते बोलत नसत, पट्टी वाजवत.

“हो जी, होऊन राह्यलं,” भागीरथानं मधल्या दारातूनच सांगितलं. “तुमी पडून राहा निवांत.”

“एक सेकंद बी बंद पडू देत नाई मी,” गोपाल म्हणाला. तो बोलत आईशी होता की स्वतःशी, कळत नव्हतं. “चालू इन्व्हर्टरवरच ही बाजूनं जोडतो. लोकं गाड्या चालू नाई करत का अशा? रोज करते.”

“अहो, पण तो बिचारा सांगून राह्यला ना...”

“तो तिकडं सिंदीत बसून सांगून राह्यला! इथं बाप माह्या हाय.”

मोहिनी फोन हातात घेऊन रेंज शोधत अंगणात पळाली, पुन्हा स्वप्निलला लावायला. जाताना तिनं सासऱ्यांचा जुना मोबाइल टॉर्च लावून भागीरथाच्या हातात कोंबला. “आई, उजेड धरा त्याईले.”

भागीरथा मधल्या दाराच्या उंबऱ्यात उभी राहिली. एका अंगाला खोली, खोलीत खाट. दुसऱ्या अंगाला जिना, जिन्याखाली गोपाल. इथून दोन्ही दिसत होतं. टीं. टीं.

गोपालनं ट्रॅक्टरची बॅटरी कपाटाच्या तोंडाशी सरकवली आणि उकिडवा बसला. लाल वायरचा एक चिमटा त्यानं इन्व्हर्टरच्या बॅटरीला लावला, काळ्याचा एक लावला. तिथे चुकायला जागा नव्हती, स्वप्निलनं वायरी रंगाप्रमाणे लावून दिल्या होत्या. आता कवडूची बॅटरी. तिच्या डोक्यावर शिशाच्या दोन खुंट्या, दोन्हींवर पांढरी बुरशी चढलेली. प्लस-मायनसच्या खुणा चिखलातेलाखाली केव्हाच गेल्या होत्या. त्यानं अंगठ्यानं घासून पाहिलं, फुंकर मारली.

“इकडं आण उजेड. अजून इकडं.”

तिनं हात लांब केला. डावीकडच्या खुंटीभोवती लाल कडं उजळलं.

“हे पाह्य,” गोपाल म्हणाला, आणि सकाळपासून पहिल्यांदा त्याच्या आवाजात जीव आला. “लाल. लाल म्हंजे प्लस. लहान लेकराले बी समजते.” त्यानं लाल चिमट्याला त्या खुंटीचा चावा घेऊ दिला. वायरचं आता एकच टोक मोकळं राहिलं, काळं.

लाल दिसलं तसा भागीरथालाही आधी धीरच आला. मग तिनं नीट पाहिलं. कडं पुरं गोल नव्हतं. त्याला खाली एक शेपटी होती. कारखान्यातला रंग शेपटी सोडत नाही. शेपटी राहते ती बोट उचलताना, आणि हे बोट कोणाचं ते तिला ओळखू आलं.

गल्लीत दसऱ्याला सगळे ट्रॅक्टर, फवारणीचे पंप, मोटरी एका ओळीत उभ्या करतात, आणि त्यांना हळदीकुंकू लावायचा मान भागीरथाचा. कोरडं कुंकू लोखंडावर ठरत नाही, म्हणून ती ते तेलात कालवून लावते. ही तिची स्वतःची रीत, आणि तिला तिचा थोडा अभिमानही होता. दुसऱ्या बायकांचं कुंकू चार दिवसांत उडून जायचं, तिचं वर्षभर राहायचं. मागच्या दसऱ्याला कवडूनं ट्रॅक्टरचं झाकण उचलून धरलं होतं. “काकू, बॅटरीले बी लावा. थंडीत लय तरास देते.” बॅटरीच्या एका खुंटीवर रबराची टोपी होती, दुसरी उघडी. टोपीला काय कुंकू लावायचं, म्हणून तिनं उघडीला लावलं, भोवती बोट फिरवलं आणि हात जोडले.

टोपी कोणत्या खुंटीवर घालतात, प्लसवर की मायनसवर, हे भागीरथाला ठाऊक नव्हतं. तिला एवढंच ठाऊक होतं की हा लाल रंग कारखान्याचा नाही, तिचा आहे. आणि तिचा मुलगा त्यावर भरवसा ठेवून बसला आहे.

“गोपाल, ते लाल...”

“माय, मधात बोलू नको आता!”

ठक ठक ठक. रूपराव जोरात वाजवत होते.

ती गप्प झाली. हे तिनं पुढे कोणापासून लपवलं नाही. एक श्वास आत जाऊन बाहेर येईल एवढा वेळ ती गप्प राहिली. वाटलं, आपल्याला काय कळतं यातलं. वाटलं, आपण थांबवलं आणि तेवढ्यात मशीन बंद पडली तर गोपाल जन्मभर आपल्याकडे बघायचा नाही. गोपालनं काळा चिमटा उघडला. त्याचे दात दुसऱ्या खुंटीकडे निघाले.

“गोपाल, ते लाल माह्यं हाय! कुकू हाय ते!”

ती एवढ्या मोठ्यानं ओरडली की गोपालनं चिडून मान तिच्याकडे वळवली. मान वळली, पण हात पुढे गेलेलाच होता.

आधी उजेड झाला. निळा-पांढरा, जिन्याच्या खालची जाळीजळमटं दाखवणारा. मग आवाज. कपाटाचं दार बिजागरीतून निघून भिंतीवर आपटलं. भागीरथाच्या हातातला मोबाइल कुठे गेला ते तिला कळलं नाही, कानात नुसती शिट्टी वाजत राहिली. धूर, जळक्या रबराचा वास, आणि घशाला झोंबणारं काहीतरी आंबट. कवडूच्या बॅटरीचं डोकं फुटून उघडं पडलं होतं. गोपाल मागे भिंतीशी पडला होता, डावा हात मानेवर दाबून, आणि तोंडातून आवाज येत नव्हता.

“पाणी!” मोहिनी अंगणातून धावत आली. शहाणी पोर. तिनं काय झालं, कसं झालं विचारलं नाही. नवऱ्याच्या काखेत हात घालून तिनं त्याला मोरीपर्यंत ओढत नेलं, शर्ट टर्रकन फाडला आणि टाकीचा नळ सोडून त्याच्या मानेवर, कानावर, दंडावर बादल्यावर बादल्या ओतायला लागली. “डोळे मिटून घ्या! घट्ट मिटा! हात नका लावू!” तेव्हा कुठे गोपाल किंचाळला. भागीरथाचा जीव आधी मोरीकडे धावला.

मग तिला घर ऐकू आलं. टीं नव्हतं. घुरघुर नव्हती. खोलीतून एक लांबलचक, न थांबणारी शिट्टी येत होती, आणि ती तिच्या कानातली नव्हती. मशीन बंद पडली होती.

घड्याळात नऊ अठ्ठेचाळीस झाले होते.

मुलगा एकीकडे, नवरा एकीकडे. मुलाजवळ कोणीतरी होतं. ती खोलीत गेली, धूर येऊ नये म्हणून मधलं दार लोटलं, खिडकी उघडली. रूपराव आधीच उठून बसले होते. एकटेच कसे उठले कोण जाणे. दोन्ही हात मांड्यांवर रोवून, पुढे वाकून, ओठांचा चंबू करून ते हवा बाहेर सोडत होते, जशी दिवाळीनंतर डॉक्टरांनी शिकवली होती तशी. बशीतला चहा निववतात तसं फुंका, डॉक्टर म्हणाले होते, घाई करायची नाही. रूपरावांनी तेव्हा डॉक्टरांना विचारलं होतं, चहा कुठं हाय?

भागीरथा त्यांच्यासमोर बसली. पाठीशी उशी लावावी की पाणी द्यावं की रडावं, काही सुचेना. तिनं आपला तळहात खोलगट करून त्यांच्या तोंडापुढे धरला.

“ही बशी,” ती म्हणाली. “गरम चहा हाय. फुंका.”

त्यांनी फुंकलं. ऊन वारा तिच्या तळहातावर आला.

“अजून. सावकाश.”

पाच मिनिटं गेली. त्यांच्या गळ्याजवळचा खळगा प्रत्येक श्वासाला आत ओढला जात होता. नखं राखेच्या रंगाची झाली. एरवी ते तिच्याकडे बघत. आज त्यांची नजर तिच्या खांद्यावरून भिंतीवरच्या घड्याळावर होती. मोरीत पाणी वाहत होतं आणि गोपालचं कण्हणं मधेच ऐकू येत होतं. कण्हतोय म्हणजे आहे, असं ती स्वतःला सांगत होती.

दहा मिनिटं. तळहातावरची फुंकर हलकी झाली. मध्ये एकदा आलीच नाही, आणि भागीरथाची पाचावर धारण बसली. “फुंका ना जी,” ती ओरडली. “थंडा झाला का चहा? फुंका!” आली. अगदी बारीक, पण आली.

तेव्हा तिला राहवलं नाही. “माह्या हातानं झालं हे,” ती म्हणाली. तिचे डोळे वाहायला लागले होते आणि पुसायला हात मोकळा नव्हता. “त्या बॅटरीले मी कुकू लावलं होतं. त्याले वाटलं प्लस हाय. अन् मी बोलली नाई लवकर. बोलाव का नाई, बोलाव का नाई, असं करत राह्यली. तुमाले काई झालं तं मी काय करू?”

रूपरावांनी एक हात मांडीवरून उचलला, तिच्या मनगटाखाली घातला, आणि ‘बशी’ थोडी वर, तोंडासमोर नीट आणून ठेवली. मग फुंकलं.

बाहेर कवडूची हाक ऐकू आली तेव्हा दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. सिलिंडर बांधलेली मोटरसायकल फांद्यांखालून निघेना, म्हणून त्यानं ती तिथेच टाकली आणि सिलिंडर पोत्यात घालून खांद्यावरून आणला होता. घामानं तो निथळत होता. मोहिनी ओल्या साडीनं धावत आली, चावी फिरवली, मास्क सासऱ्यांच्या तोंडावर बसवला. फुस्स. भागीरथा तळहात तसाच धरून बसली होती. मोहिनीनं तो हळूच खाली केला.

नखांचा रंग परतायला वेळ लागला. पण परतला.

ॲम्ब्युलन्सची माणसं झाड ओलांडून स्ट्रेचर घेऊन आली तोवर घरातला धूर विरळ झाला होता. त्यांनी गोपालची मान, कान, दंड पुन्हा धुतले, ओली पट्टी ठेवली. डाव्या अंगाची कातडी सोललेली होती. “मान फिरवली नसती तं डोळे गेले असते,” त्यातला एक म्हणाला. भागीरथा ऐकत होती. कवडू जिन्याखाली वाकून आपल्या बॅटरीचे तुकडे बघत होता.

“अरे, लाल तं मायनस होता बे,” तो म्हणाला. “प्लसची टोपी मी वायरीसंगंच काढून घेतली.”

गोपाल उठला, भिंतीला धरून खोलीत आला आणि बापाच्या खाटेशी जमिनीवर बसला. स्ट्रेचरवाले थांबले. त्याचा चेहरा सुजला होता, बोलताना ओठ हलत नव्हते.

“बाबा, मले फक्त... तुमची मशीन एक सेकंद बी बंद पडू द्याची नव्हती मले.”

रूपरावांनी दोन बोटांनी मास्क वर उचलला. मोहिनी पुढे झाली, पण त्यांनी डोळ्यांनीच तिला थांबवलं.

“बावीस मिनटं,” ते म्हणाले. मग श्वास घेतला. “घड्याळात पाह्यली मी.” पुन्हा श्वास. “खाट ठोकून राह्यलो होतो, कोणी येऊन नाई राह्यलं. दिवाळीत झोपेत होतो रे मी. सांगून बंद केली असती तं बसलो असतो फुंकत.”

गोपालनं वर पाहिलं.

“दोन मिनटं माह्याजवळ मांगाची होती तू,” रूपराव म्हणाले. “देली असती.”

मोहिनीनं मास्क पुन्हा नीट बसवला. गोपालनं कपाळ खाटेच्या पट्टीवर टेकलं, जिथे बापाची बोटं सकाळी वाजत होती. भागीरथा मधल्या दारात उभी होती. बॅटरी फुटेपर्यंत ती तिथेच उभी होती, खाटेपासून चार पावलांवर. ती चार पावलं टाकून त्यांना विचारावं, हे तिलाही सुचलं नव्हतं.